वणव्याचं लोकेशन टाक ना!

उपग्रहाला आग दिसते, देहरादूनहून मेसेजही निघतो. पण रेंज नसलेल्या डोंगरावर ओली फांदी घेऊन धावणाऱ्या माणसाला तो मेसेज वाचून आग सापडते का? वणव्याच्या नकाशाच्या या शेवटच्या टप्प्यात कॉलेजातली पोरंपोरी बरंच काही करू शकतात.

मित्राला चहाला बोलवायचं असलं की तुम्ही पत्ता सांगत बसत नाही. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, लोकेशन टाकलं, विषय संपला. तो निळा ठिपका बघत बघत बरोबर टपरीसमोर येऊन उभा राहतो.

आता हेच जरा पिंपळनेरच्या पश्चिमेला करून बघा. चरणमाळ घाटाची बाजू, मार्च महिन्याची दुपार. सागाचा पाला पायाखाली कुरकुर वाजतोय आणि समोरच्या धारेवर धूर दिसतोय. तुम्ही फोन काढता, तर रेंजच्या जागी भोपळा. थोडं खाली उतरून, एक दांडी मिळवून तुम्ही फोन लावता आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘आग कोठे शे?’

काय सांगाल? ‘त्या डोंगरावर’? साक्री तालुक्याच्या या पट्ट्यात डोंगरांची काही कमी आहे का!

वणवा विझवणाऱ्यांचा पहिला झगडा याच प्रश्नाशी असतो. कुठे? कोणत्या बाजूने सरकतोय? वर जायला वाट कोणती आणि वारा फिरला तर खाली यायला कोणती? याची उत्तरं देणारा नकाशा आज आपल्याकडे आहे. पण तो बऱ्याचदा ऑफिसच्या स्क्रीनवर असतो आणि आग असते डोंगरावर. या दोघांमधलं अंतर कसं कमी करायचं, ही या लेखाची गोष्ट आहे.

वरून काय दिसतं?

महाराष्ट्रात वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. या काळात आपल्याकडे वीज पडून आग लागणं फारच क्वचित. बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, नवीन गवत फुटावं म्हणून जुनं जाळलं जातं, बांधावरचा कचरा पेटवला आणि वाऱ्याने तो जंगलात नेला, असंही होतं. कुणी बिडीचं थोटूक टाकून पुढे निघून जातो.

ही आग आपल्याआधी आकाशातून दिसू शकते. भारतीय वन सर्वेक्षण ही देहरादूनची केंद्रीय संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने वणव्याच्या सूचना देते आहे. टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांवर मोडिस नावाचं उपकरण आहे, तर सुओमी एनपीपी या उपग्रहावर व्हीआयआयआरएस. ही उपकरणं जमिनीवरची जास्तीची उष्णता टिपतात. हैदराबादजवळच्या शादनगर इथल्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात ही माहिती उतरते, तिथून ती देहरादूनला जाते. तिथे आगीचे ठिपके जंगलाच्या हद्दींच्या नकाशावर ठेवले जातात. शेतातले ठिपके बाजूला निघतात आणि जंगलातल्या ठिपक्यांचे मेसेज संबंधितांच्या मोबाइलवर जातात.

जानेवारी २०१९ मध्ये या यंत्रणेची तिसरी आवृत्ती आली. ज्या राज्यांनी आपल्या बीटच्या, म्हणजे एका वनरक्षकाकडे असलेल्या जंगलाच्या हद्दी डिजिटल करून दिल्या, तिथे आता थेट बीटपर्यंतची सूचना देता येते. याच संस्थेच्या ‘वन अग्नी’ पोर्टलवर हे ठिपके कुणालाही बघता येतात. मोबाइल नंबर नोंदवून आपल्या भागाच्या सूचना सामान्य माणूसही मिळवू शकतो. होय, तुम्हीसुद्धा!

कामाचा आवाका कळावा म्हणून एक आकडा. नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या एका हंगामात देशभरात असे २ लाख ३ हजारांहून जास्त ठिपके नोंदले गेले. तुमच्या बीटमधला ठिपका त्यांतला एक. पण तो विझवायला जाणाऱ्यासाठी तोच सगळं काही.

ठिपका म्हणजे आग नव्हे

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ती न समजल्यामुळे माणसं उगाच डोंगर चढतात-उतरतात.

स्क्रीनवर दिसणारा लाल ठिपका म्हणजे आगीची नेमकी जागा नसते. व्हीआयआयआरएसचा एक चौकोन साधारण ३७५ मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. हिशेब करा, एक चौकोन म्हणजे जवळपास १४ हेक्टर, ३५ एकर. एवढ्या जागेत कुठेतरी उष्णता आहे, इतकंच उपग्रह सांगतो आणि ठिपका पडतो चौकोनाच्या मधोमध. मोडिसचा चौकोन तर एक किलोमीटरचा, म्हणजे १०० हेक्टर. सपाट माळावर ३७५ मीटर म्हणजे काहीच नाही. डोंगरात मात्र तेवढ्यात मध्ये एक नाला येतो, एक कडा येतो, आणि आग निघते धारेच्या पलीकडच्या उतारावर.

दुसरी गोष्ट वेळेची. सुओमी एनपीपी आपल्यावरून जातो दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. दुपारी तीनला लागलेली आग त्याला दिसणार थेट रात्री. त्यानंतर माहिती उतरणार, तपासली जाणार, मेसेज निघणार. तोवर आग जागेवर थांबते का? चढावर तर ती आणखी जोरात पळते, कारण ज्वाळा वरच्या पाल्याला आधीच तापवून ठेवतात. ढग असले किंवा आग छोटी आणि दाट झाडांखाली असली, तर उपग्रहाला ती चुकूही शकते.

म्हणजे उपग्रह वाईट आहे का? मुळीच नाही. रात्रीच्या निर्मनुष्य डोंगरातली आग त्याच्याशिवाय कुणाला कळणार? फक्त त्याच्या ठिपक्याला जमिनीवरच्या डोळ्याची जोड लागते. धूर बघणारा, दिशा सांगणारा, वाट ठाऊक असलेला माणूस लागतो. आणि दोघांनी एकाच नकाशावर बोलणं लागतं.

एका चिन्हाने ४२ किलोमीटर

एकाच नकाशावर बोलणं म्हणजे काय? पिंपळनेरचंच उदाहरण घेऊ. गाव साधारण २० अंश ५७ मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे. अंशाची ६० मिनिटं असतात, म्हणून हाच आकडा दशांशात लिहिला तर होतो २०.९५. आता घाईत कुणी ‘२० अंश ५७ मिनिटं’ हे ‘२०.५७’ असं टाइप करून ग्रुपवर टाकलं तर? नकाशावरची खूण सुमारे ४२ किलोमीटर दक्षिणेला सरकेल. धूर पिंपळनेरच्या डोंगरावर आणि ठिपका सटाणा-कळवणच्या बाजूला!

दशांशानंतरचे आकडेही महत्त्वाचे. दोनच आकडे लिहिले तर जागा किलोमीटरभर इकडे-तिकडे होऊ शकते. चार आकडे लिहिले तर तोच फरक दहा-अकरा मीटरवर येतो. भूगोलाच्या पेपरात अर्धा मार्क जाणाऱ्या चुका इथे दोन तास खातात.

आणखी एक गंमत, खरं तर धोका. तुम्ही रस्त्यावरून धूर बघता आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन टाकता. ते लोकेशन कुणाचं? तुमचं! आगीचं नाही. त्यामुळे सोबत लिहायलाच हवं, ‘मी इथे उभा आहे, धूर इथून वायव्येला, अंदाजे दोन किलोमीटरवर.’ फोनमध्ये होकायंत्र असतंच. आणि तुमचा दोस्त दुसऱ्या गावातून तोच धूर बघत असेल, तर त्यालाही दिशा विचारा. दोन जागांवरून काढलेल्या दोन रेघा नकाशावर जिथे एकमेकींना छेदतात, तिथे आग. उपग्रह नव्हते तेव्हा टेहळणीच्या मनोऱ्यांवरून आगी अशाच शोधल्या जायच्या. आजही ही युक्ती तितकीच चालते, आणि तिला डेटा पॅक लागत नाही.

स्क्रीनशॉट नको, नकाशा द्या

अमेरिकेत वणवे ही दरवर्षीची मोठी लढाई असते. तिथल्या मोठ्या आगीच्या कॅम्पमध्ये नकाशे करणारा माणूसच वेगळा नेमलेला असतो. रात्री विमानं इन्फ्रारेड कॅमेऱ्याने आगीची कड टिपतात. पहाटेपर्यंत ती नकाशावर चढते आणि सकाळच्या बैठकीत नवा नकाशा तयार असतो. कागदावर तर असतोच, शिवाय बोर्डावर क्यूआर कोड लावलेला असतो. डोंगरावर जाणारी टोळी तो स्कॅन करते आणि अव्हेंझा मॅप्ससारख्या अ‍ॅपमध्ये नकाशा उतरवून घेते. पुढे नेटवर्क गेलं तरी बिघडत नाही, नकाशावर स्वतःचा निळा ठिपका चालतच राहतो.

कसं काय? कारण जीपीएसला इंटरनेट लागत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांना हे माहीत नसतं. फोन जागा शोधतो ती थेट उपग्रहांच्या सिग्नलवरून. नेट लागतं ते मागचं नकाशाचं चित्र उतरवायला. ते चित्र आधीच फोनमध्ये असेल, तर चरणमाळच्या घाटात रेंज शून्य असतानाही ‘मी कुठे आहे’ हे कळतं.

आता आपल्या सवयीकडे बघा. कुणी नकाशा मागितला की आपण काय करतो? स्क्रीनशॉट काढतो आणि फॉरवर्ड करतो. तो स्क्रीनशॉट म्हणजे मेलेला नकाशा. त्यात अक्षांश-रेखांश नाहीत, त्यावर ठिपका चालत नाही, झूम केलं की सगळं धूसर. नकाशाची पीडीएफ किंवा केएमएल फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, तर समोरचा ती थेट अ‍ॅपमध्ये उघडू शकतो. करायला तेवढाच वेळ, पण उपयोगात जमीन-अस्मानाचा फरक.

आणि वेळ लिहा! सकाळी दहाचा नकाशा दुपारी दोनला ग्रुपवर फिरत राहिला आणि त्यावर वेळच नसली, तर टोळी दहा वाजताच्या आगीकडे जाईल. दोन वाजताची आग तिच्या पाठीमागेही असू शकते.

आग दिसते, माणूस दिसतो का?

हा सगळा तांत्रिक खटाटोप वाटत असेल, तर एप्रिल २०२१ आठवा. गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्यात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून गेले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात आगीशी झुंजणारे वन विभागाचे चार जण जागीच गेले. तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात मार्च २०१८ मध्ये वणव्याने वेढलेले ट्रेकर्स तर बरेचसे तुमच्या-माझ्यासारखे तरुणच होते. त्या आगीत वीसहून अधिक जण दगावले.

अमेरिकेत ३० जून २०१३ रोजी अ‍ॅरिझोनातल्या यार्नेल हिलच्या वणव्यात एकाच टोळीतले १९ जवान गेले. वारा फिरला होता. आग रोखणारं द्रव्य घेऊन मोठं विमान वर घिरट्या घालत होतं, पण खाली ती टोळी नेमकी कुठे आहे, हे वरच्यांना ठाऊक नव्हतं. आगीचा नकाशा असून भागत नाही, त्यावर माणसंही दिसायला हवीत, हा धडा त्यातून मिळाला. मार्च २०१९ मध्ये तिथे कायदा झाला आणि वणव्यावरच्या टोळ्यांचं लोकेशन कळेल अशी यंत्रणा उभारायला सांगितलं गेलं.

आपल्याकडे डोंगरावर कोण असतं? वनरक्षक, वनपाल, हंगामापुरते घेतलेले मजूर आणि जवळच्या पाड्यावरची माणसं. हातात ओल्या फांद्या, कुठे पाला उडवणारा ब्लोअर. आगीच्या पुढचा पाला बाजूला सारून पट्टा मोकळा करायचा, म्हणजे तिला खायला काही उरत नाही. हे काम आगीच्या अगदी जवळ जाऊन करावं लागतं. अशा माणसाच्या खिशातल्या नकाशावर किमान तीन गोष्टी हव्यात. आग कुठे, आपली माणसं कुठे आणि पळायची वाट कुठली. नदीचं पात्र, आधीच जळून गेलेला भाग, मोठा खडकाळ माळ, पाण्याची जागा, गाडी येऊ शकते तो शेवटचा रस्ता. यातलं काहीच उपग्रहाच्या मेसेजमध्ये येत नाही.

नकाशात नसलेली नावं

मग हे कुठून येणार? गावातून.

पिंपळनेरच्या पश्चिमेला बारीपाडा आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून या पाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने चारशे हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी केली, राखणदार ठेवले, नियम मोडणाऱ्याला दंड लावला. रानभाज्यांच्या स्पर्धेमुळे हा पाडा अनेकांना माहीत झाला आणि २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. जंगल आपलं मानणाऱ्या अशा गावाला त्याचा कोपरान् कोपरा पाठ असतो.

वन विभागाच्या नकाशात जंगलाला कक्ष क्रमांक असतो. पाड्यावरच्या आजोबांकडे मात्र नाव असतं. कुठला तरी आंब्याचा नाला, कुठली वाघाची खोरी, कुठली देवाची टेकडी. प्रत्येक पाड्याची अशी आपली नावं असतात, कधी अहिराणीत, कधी कोकणीत, कधी भिलीत. एका बाजूला ‘कक्ष अमुक’ आणि दुसऱ्या बाजूला ‘आंब्याचा नाला’. दोघं एकाच जागेबद्दल बोलत असतात, पण फोनवर एकमेकांना कळत नाही. नवीन बदलून आलेल्या वनरक्षकाला तर ही नावं कळायला अख्खा एक हंगाम जातो.

ही दोन टोकं जोडायला फार काही लागत नाही. एक फोन, एक ऑफलाइन नकाशा आणि सोबत चालायला तयार असलेली दोन-चार माणसं. आणि इथेच तुमचा नंबर लागतो.

एनएसएसचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर दरवर्षी होतंच ना? श्रमदान, पथनाट्य, रात्रीचं व्याख्यान. त्यातलेच दोन दिवस या कामाला द्या. वनरक्षक आणि गावातली जाणती माणसं सोबत घेऊन एका बीटमधून चाला. नाले, पाणवठे, पायवाटा, जाळरेषा, गाडीरस्ता जिथे संपतो ती जागा, या प्रत्येक ठिकाणी फोनमध्ये खूण करा आणि गावात म्हणतात तेच नाव लिहा. शेजारी कक्ष क्रमांक. शेवटी दोन प्रती काढा. एक फाइल वनरक्षकाच्या आणि गावातल्या पोरांच्या फोनमध्ये, दुसरी मोठ्या कागदावर छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. कागद का? कारण वणव्याच्या दिवशी कुणाच्या तरी फोनची बॅटरी संपलेली असतेच.

एक पथ्य मात्र पाळा. औषधी वनस्पती, प्राण्यांचे पाणवठे, गावाची देवस्थानं यांचा नकाशा सगळ्या जगाला उघडा करायचा की नाही, हे ग्रामसभेला विचारून ठरवा. आग विझवणाऱ्यांसाठी केलेला नकाशा शिकाऱ्याच्या हाती पडायला नको.

हंगामाआधी एवढं करा

• नंबर सेव्ह करा. वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६. आणीबाणीला ११२. सोबत तुमच्या भागातल्या वनरक्षकाचा आणि वनक्षेत्रपाल कार्यालयाचा नंबर.

• ऑफलाइन नकाशा उतरवा. घरच्या वायफायवर आपल्या तालुक्याचा नकाशा डाउनलोड करा. मग फ्लाइट मोड लावून बाहेर पडा आणि निळा ठिपका चालतो का ते बघा. चालला तर तुम्ही तयार.

• पाच ओळींचा मेसेज पाठ करा. मी कुठे आहे (अक्षांश-रेखांश दशांशात, चार आकड्यांपर्यंत). धूर कोणत्या दिशेला आणि अंदाजे किती लांब. किती वाजता पाहिला. वारा कुठून कुठे. जवळचा पाडा आणि तिथे जाणारा रस्ता. रेंज नसेल तर आधी टाइप करून ठेवा, सिग्नल मिळाल्यावर पाठवा.

• वन अग्नी पोर्टलवर नोंदणी करा. नासाचा फर्म्स हा नकाशाही मोफत आहे. उपग्रह गेल्यानंतर साधारण तीन तासांत ठिपके तिथे दिसतात. ठिपका बघून घाबरवणारे फॉरवर्ड मात्र पाठवू नका. आधी वनरक्षकाला विचारा.

• रीलसाठी वर चढू नका. आगीच्या वरच्या बाजूला उभं राहणं सगळ्यात धोक्याचं. प्रशिक्षण नसेल तर खाली थांबून दिशा सांगणं, पाणी पोहोचवणं, फोन धरून बसणं हीच खरी मदत. जंगलात आग लावणं हा वन कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही गावात सांगा.

यातल्या कशालाच मोठा निधी लागत नाही, परवानगीसाठी मंत्रालयात जावं लागत नाही. वनक्षेत्रपाल कार्यालयात एक अर्ज, एनएसएसच्या सरांशी किंवा मॅडमशी एक बोलणं आणि पायात चांगले बूट. १५ फेब्रुवारीच्या आत एका कॉलेजने एक बीट जरी पूर्ण केला, तरी यंदा त्या बीटमध्ये धूर दिसला आणि कुणी विचारलं, ‘कोठे शे?’ तर फोनवरच्या दोन्ही माणसांपुढे एकच नकाशा उघडा असेल.